ब्रायटन : पाहुण्यांनी घडवलेले समुद्रकाठचे जुने गाव

गलबत

मराठी माणसाला ब्रायटन हे नाव बहुधा एकाच कारणाने माहीत असते. १९०९ च्या डिसेंबरात विनायक दामोदर सावरकर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या गावात समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना त्यांना ‘ने मजसी ने’ हे गीत सुचले. सोबत बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव निरंजन पाल होते आणि त्या प्रसंगाची आठवण त्यांनीच पुढे सांगितली. थोरले बंधू बाबाराव यांना त्याच वर्षी काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रा फासावर गेले होते. शाळेत हे गीत म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे जो समुद्र यायचा, तो वाळूचा, सुरूच्या बनाचा आणि कोमट पाण्याचा होता. नोकरीनिमित्त मी ब्रायटनला राहायला आलो आणि पहिल्याच डिसेंबरात किनाऱ्यावर गेलो, तेव्हा ते चित्र पार पुसले गेले.

इथे वाळू नाही. ओहोटी पुरती उतरली की तिची एक चिंचोळी पट्टी दिसते, एरवी सगळा किनारा गोट्यांचा आहे. अंड्याएवढे, मुठीएवढे, तपकिरी आणि करडे गारगोटीचे गोटे आणि त्यांचा समुद्राकडे जाणारा तीव्र उतार. चालताना पाय घोट्यापर्यंत रुततो. लाट फुटते तेव्हा फारसे काही वाटत नाही, पण ती मागे फिरते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घासत खाली ओढले जातात. हजार सुपांत एकदम धान्य घोळावे तसा तो आवाज असतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य बुडतो आणि समुद्र पाटीच्या दगडासारखा दिसू लागतो. ते गीत ज्या पाण्याला उद्देशून आहे ते हे पाणी, हे कळल्यावर मला या गावाविषयी वाचण्याची आणि पायी हिंडून पाहण्याची ओढ लागली. जे हाती लागले ते मांडावे म्हणून हा धागा.

मूळचे हे मासेमारांचे गाव, नाव ब्रायटहेल्मस्टन. १०८६ च्या डूम्सडे या जमीन-महसुलाच्या नोंदवहीत इथल्या एका जहागिरीचा सारा चार हजार हेरिंग मासे असा नोंदलेला आहे. १५१४ साली फ्रेंच आरमाराने गाव जाळले, त्यातून टेकडीवरचे सेंट निकोलस चर्च तेवढे वाचले. कड्याखाली अगदी पाण्यालगत मासेमारांची जी वस्ती होती, ती १७०३ आणि १७०५ च्या वादळांत नाहीशी झाली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटन खचलेले, दरिद्री गाव होते. ते पुढे इंग्लंडमधले सर्वांत प्रसिद्ध समुद्रस्थान कसे झाले, याचे उत्तर मला असे दिसते की, समुद्र सगळीकडे होता, पण इथे पाहुणे एकामागून एक येत गेले आणि प्रत्येकाने आपल्यासाठी गाव नव्याने बांधून घेतले. आधी आजारी माणसे आली, मग राजपुत्र, मग आगगाडीतून उतरलेली लंडनची कष्टकरी गर्दी, मग महायुद्धातले जखमी सैनिक. नवा पाहुणा आला की जुना बहुधा काढता पाय घेई, पण त्याने बांधलेले मागे राही. आजचे ब्रायटन म्हणजे या सोडून गेलेल्या पाहुण्यांचे घर आहे.

डॉक्टर रिचर्ड रसेल यांच्यापासून या कथेला आरंभ होतो. शेजारच्या लुईस गावच्या या वैद्याने १७५० मध्ये ग्रंथींच्या रोगांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. दोन वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. १७५३ मध्ये रसेल यांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर मोठे घर बांधले आणि रुग्णांची रीघ लागली. १७८३ मध्ये एकवीस वर्षांचा युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, पहिल्यांदा इथे आला आणि गावाच्या प्रेमात पडला. १८०१ च्या खानेसुमारीत सुमारे सात हजार लोकसंख्या असलेले हे गाव १८५१ मध्ये ६५ हजारांवर गेले. मधल्या काळात, १८४१ च्या सप्टेंबरात, लंडनहून आगगाडी आली होती.

जाणकारांनी भर घालावी.

नाडीपरीक्षा

धागा आवडला. रसेल यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे स्थान वाटते त्यापेक्षा मोठे आहे.

रसेल यांचा भर केवळ स्नानावर नव्हता, ते समुद्राचे पाणी प्यायलाही सांगत. सकाळी अर्धा पाइंट, म्हणजे पेलाभर खारे पाणी हा नेहमीचा डोस होता आणि त्याचा रेचक परिणाम हाच उपचाराचा गाभा होता. त्यांच्या औषधांत जाळलेला स्पंज, खेकड्याचे डोळे, कटलफिशचे हाड असे पदार्थही असत. आज हे विचित्र वाटेल, पण त्या काळी श्रीमंत रुग्ण बाथसारख्या गावी जाऊन जमिनीतल्या झऱ्यांचे खनिज पाणी पीतच होते. रसेल यांनी तीच कल्पना समुद्राला लावली आणि एका फटक्यात संपूर्ण किनारा औषधालय झाला. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे स्नान उन्हाळ्यातल्या मौजेचे नव्हते. थंड पाण्याचा धक्का हाच गुण मानला जाई आणि म्हणून थंडीच्या दिवसांत, भल्या पहाटे पाण्यात उतरण्याचा सल्ला दिला जाई.

पाण्यात उतरवण्यासाठी चाकांवरच्या लाकडी खोल्या असत. रुग्ण आत कपडे बदली, घोडा ती खोली पाण्यात ओढून नेई आणि मग कोळिणींच्या घरची धिप्पाड बाई रुग्ण स्त्रीला धरून लाटेखाली बुचकळून काढी. या बायकांना तिकडे ‘डिपर’ म्हणत. त्यांपैकी मार्था गन ही युवराजाच्या मर्जीतली होती. ती १८१५ मध्ये वारली आणि सेंट निकोलसच्या आवारात तिची कबर आहे.

त्याच आवारात आपल्याला जवळचा वाटावा असा आणखी एक माणूस विसावलेला आहे, त्याचे नाव साके दीन महोमेद. जन्म १७५९, पाटणा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात वाढलेला हा तरुण आपल्या अधिकाऱ्याबरोबर १७८४ मध्ये आयर्लंडला गेला. १७९४ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन इंग्रजीत छापले आणि भारतीयाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. १८१० मध्ये त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे जेवण देणारे कॉफीगृह काढले, पण दोन वर्षांत दिवाळे निघाले. १८१४ मध्ये तो ब्रायटनला आला आणि समुद्रासमोर त्याने बाष्पस्नानगृह चालवले. रुग्णाला वनस्पतींच्या वाफेत बसवायचे आणि फ्लॅनेलच्या तंबूला शिवलेल्या बाह्यांमधून हात आत घालून अंग चेपायचे, ही त्याची पद्धत. चंपी करणे या अर्थाच्या ‘चाँपना’ या हिंदी क्रियापदावरून ‘शॅम्पू’ हा शब्द इंग्रजीत गेला. डोके धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोघा राजांनी त्याला आपला ‘शॅम्पूइंग सर्जन’ नेमले होते. बरे झालेल्या रुग्णांच्या कुबड्या तो स्नानगृहाच्या दर्शनी दालनात टांगून ठेवी. वैद्य म्हणून त्याचे दावे मी स्वीकारणार नाही, पण सांधेदुखीने आखडलेल्या माणसाला वाफ आणि मर्दनाने आराम पडतो, हे कोणताही भौतिकोपचारतज्ज्ञ आजही सांगेल.

रापण

मी मालवणचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. वाचताना एकच प्रश्न सारखा डोक्यात येत राहिला. आजारी आले, राजपुत्र आला, गर्दी आली, हे कळले. पण चार हजार हेरिंग भरणाऱ्या मूळ लोकांचे काय झाले? होड्या ओढायला आणि जाळी वाळवायला जागा लागते, आणि पाहुण्याला नेमकी तीच जागा हवी असते.

गलबत

रापण, तुम्ही अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माझ्या लेखात हा भाग राहून गेला, तो इथे लिहितो.

गावाच्या पूर्वेला स्टीन नावाची सखल, मोकळी, गवताची जागा होती. ती गावाची सामायिक जमीन होती. होड्या वर ओढून ठेवायच्या, जाळी पसरायची, विणायची, ती तिथेच. पाहुणे वाढू लागले तशी ही जागा त्यांच्या फेरफटक्याची झाली. लांब झगे घातलेल्या स्त्रियांचे पाय जाळ्यांत अडकतात अशा तक्रारी सुरू झाल्या, पुढे कुंपण पडले आणि जाळी हटली. युवराजाचा वाडा याच स्टीनच्या काठावर उभा राहिला. आज तिथे कारंजे, फुलांचे ताटवे आणि चहूबाजूंनी वाहनांची वर्दळ आहे.

तरीही मासेमार लगेच संपले नाहीत. गोट्यांच्या किनाऱ्यावर घाटदार, रुंद पोटाच्या होड्या आपटल्या तरी फुटू नयेत अशा बांधत, आणि किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होई. पर्यटकांना दिवसभर फेरी मारून आणणे हाही त्यांचाच धंदा झाला. १९७० च्या दशकात पूर्वेला मोठे कृत्रिम बंदर बांधले गेले, त्यानंतर उरलेल्या मच्छिमारी होड्या तिकडे गेल्या. किनारी रस्त्याखालच्या कमानींत मासेमारीचे एक छोटे संग्रहालय आहे. त्याच्या बाजूला माणसे काकवी रंगाचे धुरवलेले मासे विकतात. तिथल्या उंबऱ्यावर उभे राहिले की डांबर आणि धुराचा वास येतो, आणि या गावात तो वास मला फक्त तिथेच मिळाला.

जुन्या मासेमार गावाची आखणी मात्र टिकली आहे. ‘द लेन्स’ नावाचा बोळांचा भाग अजूनही त्याच वळणांचा आहे. काही बोळ इतके अरुंद की दोन्ही हात थोडे पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. ससेक्सच्या बोलीत अशा बोळाला ‘ट्विटन’ म्हणतात. आज तिथे सोनारांची आणि जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. जागा राहिली, माणसे गेली, असेच म्हणावे लागेल.

कमानदार

मी वास्तुरचनाकार आहे आणि दोन गोष्टींबाबत थोडे वेगळे मत मांडू इच्छितो.

पहिली गोष्ट अशी की, ब्रायटन राजपुत्राने घडवले हे सर्वत्र सांगितले जाते आणि धाग्यातही तसे सूचित होते, पण कालक्रम पाहिला तर तसे म्हणता येत नाही. युवराज आला तेव्हा रसेल यांना जाऊन २४ वर्षे झाली होती. खानावळी, नृत्यदालने, फिरते वाचनालय हे सगळे आधीच होते. युवराजाचे काकाच तिथे राहत होते आणि तो आला तो त्यांच्याकडे. म्हणजे गाव आधी प्रतिष्ठित झाले आणि म्हणून राजपुत्र आला. त्याने गावाला चेहरा दिला, एवढे नक्की.

दुसरी गोष्ट त्या चेहऱ्याची. मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी युवराजाने १७८५ मध्ये गुप्तपणे विवाह केला होता आणि लंडनच्या दरबारापासून दूर राहण्यास त्याला जागा हवी होती. १७८७ मध्ये हेन्री हॉलंड या वास्तुरचनाकाराने एका साध्या घराचे पांढरे, नेटके, अभिजात वळणाचे निवासस्थान केले. त्यानंतर १८०३ ते १८०८ या काळात विल्यम पोर्डेन याने घोड्यांसाठी प्रचंड घुमटाचा तबेला बांधला, तो हिंदुस्थानी धाटणीचा. घोड्यांचे घर मालकाच्या घरापेक्षा भव्य झाले. मग १८१५ पासून जॉन नॅश याने हॉलंडच्या वास्तूवर ओतीव लोखंडाचा सांगाडा चढवून त्यावर कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार आणि जाळ्या उभ्या केल्या. लोखंडाचा असा वापर त्या काळी अगदी नवा होता. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातले खांबही लोखंडी आहेत आणि वर तांब्याची ताडाची पाने लावून त्यांना झाडांचे रूप दिले आहे.

नॅश कधीच भारतात गेला नव्हता. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी भारतात सात वर्षे हिंडून काढलेली चित्रे हा त्याचा आधार होता. (याच डॅनियल मंडळींनी पुण्यात राहून सवाई माधवरावांचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवरून वेरूळची चित्रमाला छापली.) म्हणून त्या वास्तूत मुघल घुमट आहे, पण त्याखाली मुघल वास्तूचा विचार नाही. आत गेले की सगळे चिनी: ड्रॅगन, बांबू, कंदील. मेजवानीच्या दालनात छताला लटकणाऱ्या ड्रॅगनच्या पंजातून सुमारे एक टन वजनाचे झुंबर खाली आले आहे. पुष्कळांना हे सगळे बटबटीत वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या देशांना कधी जायचे नाही त्या देशांविषयीचे स्वप्न इतक्या मन लावून, इतक्या कुशल कारागिरीने बांधलेले दुसरे घर मी पाहिलेले नाही.

आता गावातल्या सामान्य घरांविषयी. पांढऱ्या गिलाव्याची, अर्धवर्तुळाकार खिडक्यांची ती देखणी रीजन्सी, म्हणजे युवराज राज्य चालवत होता त्या काळातली घरे पाहून ती दगडाची असतील असे वाटते. गिलावा उकलला की आत निघते ‘बंगरूश’: चुना, वाळू, गारगोट्या, फुटक्या विटा आणि हाताला लागेल तो मुरूम, हे सगळे लाकडी फळ्यांच्या साच्यात ओतून केलेली भिंत. घाईने वाढणाऱ्या गावाने काढलेला तो स्वस्त मार्ग होता. ही भिंत कोरडी पडू दिली तर भुगा होते आणि भिजली तर विरघळते. नळीने पाण्याचा एक झोत नीट नेम धरून सोडला तर अर्धे गाव वाहून जाईल, असे तिथले गवंडी म्हणतात. पाहुण्यांसाठी घाईघाईत बांधलेल्या गावाचे चारित्र्य त्या भिंतीत मला जितके दिसले, तितके राजवाड्यात दिसले नाही.

गलबत

कमानदार, कालक्रमाबाबतची दुरुस्ती मान्य आहे. बंगरूशविषयी तर मी स्वतःच साक्ष देतो. माझे भाड्याचे घर अशाच भिंतींचे होते. पहिल्या हिवाळ्यात चित्र टांगायला खिळा मारला, तेव्हा वाळूची धार लागली आणि पाठोपाठ लिंबाएवढी गारगोटी हातात आली. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

सांधेबदल

आगगाडी एका वाक्यात उरकली, म्हणून लिहितो. २१ सप्टेंबर १८४१ रोजी लंडन ते ब्रायटन मार्ग खुला झाला. पूर्वी घोडागाडीने पाच-सहा तास लागत, ते अंतर दोन तासांच्या आत आले. अंतर सुमारे ८० किलोमीटर. १८४४ च्या ईस्टरपासून स्वस्त सहलगाड्या सुटू लागल्या आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी लंडनची कामकरी माणसे एका दिवसासाठी किनाऱ्यावर येऊ लागली. राणी व्हिक्टोरियाला हे मानवले नाही. वाड्याभोवती इमारती दाटल्या होत्या, फिरायला निघाले की लोक मागे येत. १८४५ नंतर ती पुन्हा आली नाही, आणि १८५० मध्ये गावाने तो राजवाडा ५३ हजार पौंडांना विकत घेतला. राजाचे घर नगरपालिकेचे झाले, ही माझ्या मते या गावाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना आहे.

त्या सहलींची किंमतही लोकांनी मोजली. २५ ऑगस्ट १८६१ च्या रविवारी सकाळी ब्रायटनहून लंडनकडे थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने तीन गाड्या सोडल्या गेल्या. क्लेटनच्या बोगद्यात सिग्नलचा घोटाळा होऊन तिसरी गाडी दुसरीवर आदळली. २३ माणसे मेली, १७६ जखमी झाली. सिग्नलवरचा एक कर्मचारी रविवारची सुटी मिळावी म्हणून सलग २४ तासांच्या पाळीवर होता. दोन गाड्यांमध्ये वेळेचे नव्हे तर अंतराचे बंधन हवे, हा आग्रह त्या अपघातानंतर जोर धरू लागला.

आणखी एक नाव घेतलेच पाहिजे. मॅग्नस फोल्क हा जर्मन घड्याळजीचा मुलगा, जन्म ब्रायटनचाच. त्याने ४ ऑगस्ट १८८३ रोजी किनाऱ्यावर विजेची छोटी रेल्वे सुरू केली. ती आजही धावते आणि चालू असलेली जगातली सर्वांत जुनी विद्युत रेल्वे तीच आहे. नंतर त्याने त्याहून धाडसी काम केले. रूळ समुद्रतळावर टाकले आणि त्यावर सुमारे सात मीटर उंच पायांवर उभा असलेला, वर सज्जा आणि दिवाणखाना असलेला डबा भरतीच्या पाण्यातून रॉटिंगडीन गावापर्यंत चालवला. समुद्रात जाणार म्हणून त्यावर परवानाधारक कप्तान आणि जीवरक्षक होडी ठेवावी लागे. २८ नोव्हेंबर १८९६ ला तो सुरू झाला आणि आठवडाभरातच, ४ डिसेंबरच्या रात्री आलेल्या वादळाने त्याला आडवा केला. त्याच रात्री १८२३ चा साखळदंडांवर तोललेला जुना चेन पिअर, म्हणजे समुद्रात गेलेला धक्का, समुद्राने गिळला. फोल्कने डबा दुरुस्त करून पुन्हा चालवला, पण १९०१ मध्ये तो कायमचा थांबला. त्या रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे मोठ्या ओहोटीला पूर्वेकडच्या खडकांत ओळीने उघडे पडलेले मी पाहिले आहेत. शेवाळाने ते हिरवे झाले आहेत, पण त्यांमधले अंतर अजून बिनचूक आहे.

खडकीकर

मी मुंबई सॅपर्सच्या घरातला. आमच्या खडकीच्या पलटणीच्या, म्हणजे तेव्हाच्या ३ सॅपर्स अँड मायनर्सच्या, विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीने २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल गावावर हल्ला केला. खणण्या-बांधण्याचे काम करणारी ही माणसे त्या दिवशी पायदळासारखी घराघरांत लढली आणि त्यांचे बहुतेक सर्व अधिकारी पडले. फ्रान्समधल्या भारतीय जखमींना खाडी ओलांडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील इस्पितळांत आणत आणि डिसेंबर १९१४ पासून त्यांतले एक प्रमुख इस्पितळ म्हणजे ब्रायटनचा हा राजवाडा. त्याविषयी गलबत यांनी लिहावे, अशी विनंती.

गलबत

खडकीकर, हाच भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

राजवाडा, शेजारचा घुमटाचा तबेला आणि कॉर्न एक्स्चेंज ही धान्यबाजाराची इमारत मिळून सातशेहून अधिक खाटा होत्या. गावातली एक शाळा आणि दरिद्री निवासही इस्पितळ झाले. हिंदू, मुसलमान, शीख यांच्या सोवळ्याओवळ्याचा विचार करून नऊ स्वयंपाकघरे केली होती. पाण्याचे नळ वेगळे होते, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत होत्या. घुमटाखाली वर्तुळाकार मांडलेल्या खाटांवर फेटे बांधून बसलेल्या जखमींची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. २५ ऑगस्ट १९१५ रोजी राजा पाचवा जॉर्ज याने वाड्याच्या हिरवळीवर सुभेदार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला.

शुश्रूषा चांगली होती यात शंका नाही, पण हे सगळे भारतात दाखवण्यासाठीही होते. राजाने आपला राजवाडा जखमी शिपायांसाठी रिकामा करून दिला, असा समज पसरू दिला गेला. वस्तुतः तो ६४ वर्षांपूर्वीच गावाने विकत घेतला होता, हे सांधेबदल यांनी वर लिहिलेच आहे. शिपायांना गावात मोकळेपणी हिंडण्यावर बंधने आली, कुंपणे उभारली गेली. इंग्रज परिचारिकांनी भारतीय रुग्णांना हात न लावता केवळ देखरेख करावी, असा दंडक होता. ज्या गावाने सगळ्या जगातल्या पाहुण्यांना पोटाशी धरल्याचा मला अभिमान वाटतो, त्याच गावात या पाहुण्यांना कुंपणातून समुद्र पाहावा लागला, हे विसरता येत नाही.

जे गेले त्यांपैकी मुसलमान सैनिकांना वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ दफन केले. हिंदू आणि शीख अशा ५३ जणांचे दहन ब्रायटनच्या उत्तरेला, पॅचम गावावरच्या उघड्या माळावर झाले. त्याच जागी संगमरवराची छत्री आहे. मुंबईचे तरुण वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिक्स यांनी तिचा आराखडा केला आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. गाडी जाईल असा रस्ता तिथे नाही. पॅचमहून निघायचे, महामार्गावरचा पूल ओलांडायचा आणि मेंढ्यांच्या कुरणातून चढत जायचे. मी गेलो तेव्हा फाटकाची कडी थंडीने बोटांना चिकटत होती. आठ खांबांवरचा पांढरा घुमट आणि त्याच्या पायाशी तीन मोठ्या शिळा. ज्या चौथऱ्यांवर चिता रचल्या, ते या शिळांखाली आहेत. दुसऱ्या महायुद्धात हा माळ सैनिकी सरावाला दिला होता, तेव्हा छत्रीला गोळ्या लागल्या आणि नंतर दुरुस्ती करावी लागली. ५३ जणांची नावे दगडावर कोरली जायला २०१० साल उजाडले. दर वर्षी जूनमध्ये तिथे मानवंदना होते. मी त्यांची नावे मोठ्याने वाचली. वाऱ्यात माझाच आवाज मला नीट ऐकू येत नव्हता, तरी वाचली.

रापण

आणि आता? आताचा पाहुणा कोण?

गलबत

१९६० नंतर स्पेनला विमानाने जाणे स्वस्त झाले आणि इंग्लंडची कितीतरी समुद्रस्थाने ओस पडली. ब्रायटन तगले, कारण लंडन जवळ होते आणि १९६१ मध्ये ससेक्स विद्यापीठ आले. १९७७ पासून मोठे संमेलनगृह झाले आणि राजकीय पक्षांची अधिवेशने भरू लागली. त्यातूनच १२ ऑक्टोबर १९८४ चा ग्रँड हॉटेलमधला बॉम्बस्फोटही या गावाने सोसला, त्यात पाच माणसे गेली. घरी राहता न येणाऱ्यांना, म्हणजे समलिंगी जोडप्यांना, कलावंतांना, मोडलेल्या संसारांतून निघालेल्यांना, इथे फार जुन्या काळापासून आसरा मिळाला आहे. आज गाव त्यांच्यामुळेच ओळखले जाते आणि घरभाडी मात्र अशा लोकांना परवडेनाशी झाली आहेत. तुमचा पहिला प्रश्न, जागेचा, तो आजही तसाच आहे.

कोणी जाणार असेल तर उन्हाळ्यातली गर्दी टाळून डिसेंबरात जावे. स्टेशनातून बाहेर पडले की सरळ उताराचा रस्ता समुद्रावर नेतो, पंधरा मिनिटे लागतात. उजवीकडे पाण्यात वेस्ट पिअरचा काळा लोखंडी सांगाडा उभा दिसेल. युजिनियस बर्च याने १८६६ मध्ये बांधलेला तो धक्का १९७५ मध्ये बंद पडला, २००२ च्या वादळात कोसळू लागला आणि २००३ मध्ये दोनदा जळला. डावीकडे १८९९ चा पॅलेस पिअर दिव्यांनी उजळलेला असेल. १९०९ मध्ये हे दोन्ही धक्के धडधाकट उभे होते, म्हणजे त्या संध्याकाळी गोट्यांवर बसलेल्या त्या दोघांना ते दिसले असणारच. साडेतीनच्या सुमारास साळुंक्यांच्या जातीचे स्टार्लिंग पक्षी शेतांकडून परतू लागतात, पाण्यावर त्यांचा मोठा थवा एखाद्या चादरीसारखा वळतो, आवळतो, पसरतो आणि अंधार पडता पडता एकदम धक्क्याच्या फळ्यांखाली शिरतो. त्यानंतर फक्त गोट्यांचा आवाज राहतो.